चुकीच्या यादीची तेवीस मिनिटे

मदतीचा सर्व्हर बसवून झाला की काही दिवसांनी आम्ही पहिल्यांदा उघडतो तो शोधांचा अहवाल. वापरणाऱ्यांनी शोधपट्टीत कोणते शब्द टाकले, त्यावर कोणते लेख निघाले आणि कोणता शोध कोऱ्या पानावर संपला, याची ती यादी असते. ‘पासवर्ड बदलणे’ या मथळ्याचा लेख आपण मन लावून लिहिलेला असतो आणि अहवाल सांगतो की लोक ‘लॉगिन होत नाही’ असे टाकून रिकाम्या हाताने परत जात आहेत. मग मथळा बदलायचा, लेखात लोकांचे शब्द घालायचे, शोधसूची पुन्हा बांधायची. अडलेला माणूस कोणत्या शब्दांत हाक मारतो ते या अहवालातून कळते, म्हणून त्याची किंमत मोठी.

हाक ज्या घरात पोहोचायची ते घरच एका दुपारी नाहीसे झाले तर काय होते, त्याचा हा घटनाक्रम आहे. ५ एप्रिल २०२२, मंगळवार. ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ७७५ ग्राहकांच्या ८८३ क्लाउड साइट २३ मिनिटांत पुसल्या गेल्या. हा सायबर हल्ला नव्हता. कुठे आग लागली नाही, एकही सर्व्हर बंद पडला नाही. कंपनीच्याच माणसांनी, कंपनीच्याच रीतीने तपासून चालवलेल्या एका स्क्रिप्टने हे केले. महिनाअखेरीस कंपनीने आपला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब दिला. खालच्या वेळा त्याच हिशेबाच्या आहेत, फक्त भारतीय घड्याळात मांडल्या आहेत.

पावणेदोन वर्षे आधी

जुलै २०२०. ॲटलासियनने माइंडव्हिल ही स्वीडिश कंपनी विकत घेतली. ‘इनसाइट’ हे माइंडव्हिलचे ॲप. कंपनीत कोणता सर्व्हर कुठे आहे, कोणता लॅपटॉप कोणाकडे आहे, कोणते सॉफ्टवेअर कशावर अवलंबून आहे, याची नोंदवही म्हणजे इनसाइट. मदतकक्षात बसणाऱ्याला ती हाताशी हवीच. तक्रार आली की ती कोणत्या यंत्राबद्दल आहे ते तिथल्या तिथे कळते.

पुढे हे ॲप कंपनीच्या ‘जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट’ या मदतकक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच सामावून घेण्यात आले. म्हणजे ज्या ग्राहकांनी ते पूर्वी वेगळे बसवले होते, त्यांच्या साइटवरची जुनी प्रत आता अनावश्यक झाली. ती बंद करायची होती. काम एवढेच होते.

चौदा महिने आधी

२ फेब्रुवारी २०२१ पासून ॲटलासियनने ग्राहकांनी स्वतःच्या सर्व्हरवर बसवायच्या आवृत्तीचे नवे परवाने विकणे थांबवले. जुन्यांना आधार मिळण्याची मुदत १५ फेब्रुवारी २०२४ ठरली. ग्राहकांनी क्लाउडवर यावे, ही दिशा स्पष्ट होती.

ज्यांनी असे सर्व्हर स्वतः सांभाळले आहेत त्यांना यात वाईट वाटण्यासारखे फार नव्हते. कॉन्फ्लुअन्स, म्हणजे ॲटलासियनचे मदतीची पाने ठेवायचे सॉफ्टवेअर, आपल्या यंत्रावर चालवायचे तर जावा आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या जुळवायच्या, प्रमाणपत्राची मुदत लक्षात ठेवायची, शोधसूची बिघडली की ती पुन्हा बांधायला लावून वाट पाहत बसायचे आणि रात्रीचा बॅकअप खरेच झाला का ते सकाळी बघायचे. क्लाउडवर ही सगळी उस्तवार दुसऱ्याच्या अंगावर जाते. लहान कंपन्यांना याचा मोठा दिलासा मिळाला आणि तो खराच होता.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट हातची गेली. आपल्या सर्व्हरवरचा बॅकअप आपण स्वतः उचलून दुसऱ्या यंत्रावर चढवू शकत होतो. क्लाउडवर तो कुठे आहे हे ठाऊक असले तरी तिथे हात पोहोचत नाही.

आखणीचे दिवस

जुने इनसाइट ॲप बंद करायचे ठरले. एका तुकडीने मागणी केली, दुसरी तुकडी ते काम करणार होती. स्क्रिप्ट नवी लिहायची नव्हती, आधीचीच वापरायची होती. तिला फक्त एक यादी द्यायची होती: काय बंद करायचे त्यांच्या आयडींची.

अनर्थ झाला तो इथेच. मागणी करणाऱ्यांनी ॲपचे आयडी द्यायला हवे होते. त्यांच्याकडून आले ते ज्या साइटवर ॲप होते त्या संपूर्ण साइटचे आयडी. खोलीचा क्रमांक सांगायचा तिथे इमारतीचा क्रमांक सांगितला गेला.

या चुकीकडे जरा जवळून पाहू. ॲटलासियनच्या क्लाउड साइटचा आयडी म्हणजे आकडे, इंग्रजी अक्षरे आणि मधल्या आडव्या रेघा मिळून ३६ चिन्हांची एक माळ. ती वाचून कंपनी कोणती, देश कोणता, साइट आहे की ॲप, यातले काहीही कळत नाही. अशा शेकडो माळा एकाखाली एक लावलेली फाइल डोळ्यांसमोर धरा. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. ही यादी चुकीची आहे असे ओरडून सांगणारे तिच्यात काही नसते. माणूस पाहतो ते ओळी किती आणि मधे एखादी रिकामी राहिली आहे का, एवढेच.

ज्या दारातून हुकूम जायचा होता तेही तसेच होते. काढून टाकण्याचा हा एपीआय दोन्ही प्रकारचे आयडी स्वीकारत असे. ॲपचा दिला तर ॲप काढे, साइटचा दिला तर साइट काढे. आत आलेला आयडी बरोबरच आहे असे तो गृहीत धरून चाले. ‘तुम्ही पूर्ण साइट पुसत आहात, नक्की ना?’ असा प्रश्न तो विचारत नसे.

तपासणी

कोणी बेफिकिरीने काम उरकले, असे मात्र नव्हते. ठरलेल्या रीतीने सहकाऱ्यांनी स्क्रिप्ट तपासली. कोणता एपीआय बोलावला जातो आहे आणि तो कसा, हे पाहिले. ते बरोबर होते. आयडी ॲपचे की साइटचे, हे तपासण्याच्या कक्षेतच नव्हते.

नंतर स्क्रिप्ट स्टेजिंगवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांपासून दूरच्या चाचणीच्या व्यवस्थेवर चालवली. तिथेही काही निघाले नाही. निघणे शक्यही नव्हते, कारण यादीतले आयडी स्टेजिंगवर अस्तित्वातच नव्हते. चाचणीने स्क्रिप्टची परीक्षा घेतली. यादी तपासलीच गेली नाही.

पहिली खेप: ३० साइट

खऱ्या ग्राहकांवर स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली ती फक्त ३० साइटवर. जुने ॲप बंद झाले, बाकी कशालाही धक्का लागला नाही.

आमच्या कामात याहून शहाणपणाची पायरी नाही. आधी थोड्यांवर चालवा, निरीक्षण करा, मग सगळ्यांवर. पण या ३० जणांचे आयडी गैरसमज होण्याच्या आधी गोळा केलेले होते. ते खरोखर ॲपचे आयडी होते. पहिली खेप बरोबर यादीवर चालली आणि तिने दुसऱ्या, चुकीच्या यादीला निर्धास्तपणे वाट मोकळी करून दिली. माझ्या मते सगळ्या घटनाक्रमातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. यश मिळाले होते, म्हणून पुन्हा विचारायचे कोणाला सुचले नाही.

५ एप्रिल, दुपारी १:०८

स्क्रिप्ट दुसऱ्यांदा सुरू झाली. यादीत ८८३ नोंदी.

आपल्याकडे डबे उघडायची वेळ. सिडनीत संध्याकाळचे ५:३८, ऑफिसे सुटायची घटका. लंडनमध्ये सकाळचे ८:३८, कामाचा दिवस सुरू होण्याची वेळ. लास व्हेगासमध्ये मध्यरात्र उलटून ३८ मिनिटे झाली होती, आणि तिथे काही तासांनी ॲटलासियनचाच वार्षिक मेळावा सुरू व्हायचा होता.

स्क्रिप्ट यादीच्या क्रमाने जात होती. पहिली ओळ, पहिली साइट, गेली. दुसरी ओळ, दुसरी साइट. २३ मिनिटांत ८८३ म्हणजे सरासरी दीड सेकंदाला एक. श्वास घेऊन सोडेपर्यंत कुठल्या तरी कंपनीची वर्षानुवर्षांची कामाची नोंद जागेवरून नाहीशी होत होती. जिरातली कामे, कॉन्फ्लुअन्समधली मदतीची पाने, कोणाला काय परवानगी आहे त्याच्या नोंदी. काही ग्राहकांची ऑप्सजिनी गेली. रात्री सर्व्हर कोसळला तर झोपलेल्या इंजिनिअरला फोन करून उठवणारी सेवा ती. काहींचे स्टेटसपेज गेले, म्हणजे ‘आमची सेवा बंद आहे, काम चालू आहे’ हे आपल्या ग्राहकांना सांगायची जागा.

ॲटलासियनच्या देखरेखीच्या पडद्यांवर काहीच हलले नाही. साइट नेहमीच्या, अधिकृत मार्गाने काढल्या जात होत्या. यंत्राच्या दृष्टीने हे रोजचे काम होते. बिघाड ओळखायला बसवलेली घंटा हुकूम पाळला जात असताना वाजत नाही.

१:१६

पहिले तिकीट आले. एका ग्राहकाने कळवले की आमची साइट दिसत नाही.

या वेळेपाशी मी प्रत्येक वाचनात थांबतो. स्क्रिप्ट सुरू होऊन आठ मिनिटे झाली होती, अजून पंधरा मिनिटे चालायची होती. वेग सगळा वेळ सारखाच होता असे धरले, तर या क्षणी सुमारे तीनशे साइट गेलेल्या होत्या आणि पाचशेहून जास्त अजून उभ्या होत्या. म्हणजे दोन तृतीयांश घरे वाचवणारी माहिती कंपनीच्या हाती पोहोचलेली होती. पण ती आली तिकिटांच्या रांगेत आणि स्क्रिप्ट चालू होती दुसऱ्याच तुकडीच्या पडद्यावर. या दोन पडद्यांमध्ये काहीच धागा नव्हता.

ज्याने मदतकक्षात काम केले आहे त्याला ही रांग ठाऊक आहे. ‘साइट दिसत नाही’ हे तिकीट रोज येते. बहुतेक वेळा ग्राहकाचे नेट गेलेले असते, नाहीतर पत्ता टाकताना अक्षर चुकलेले असते. एकट्या तिकिटाला वजन नसते. त्याच वेळी घरात कोणते मोठे काम चालू आहे, हे शेजारी दिसले तरच त्याला वजन येते.

१:३१

स्क्रिप्ट यादीच्या शेवटाला पोहोचली. ८८३ पैकी ८८३. स्क्रिप्टच्या हिशेबाने काम यशस्वी झाले.

१:४७

मोठ्या संकटासाठी ठरवलेली कार्यपद्धती सुरू झाली. वेगवेगळ्या विभागांतली माणसे एकत्र बोलावली गेली. सातच मिनिटांत, १:५४ वाजता, घटनेला ‘गंभीर’ दर्जा मिळाला. साइट गेल्या आहेत हे कळले होते. का, हे अजून कळायचे होते.

२:२३

ग्राहकाचे तिकीट आणि दुपारची स्क्रिप्ट यांचा संबंध आहे, हे पक्के झाले. पहिले तिकीट येऊन एक तास सात मिनिटे झाली होती.

दुपार ते संध्याकाळ

इथून दुसरी आपत्ती उलगडू लागली आणि मदतीच्या व्यवस्था उभारणाऱ्या प्रत्येकाने तीच नीट समजून घ्यायला हवी.

साइट पुसली गेली तेव्हा तिच्याबरोबर तिचा वेब पत्ता पुसला गेला आणि तिच्या ॲडमिनचा संपर्कही पुसला गेला. ॲटलासियनची मदत, परवाने आणि बिले या तिन्ही व्यवस्था ग्राहकाला याच दोन गोष्टींवरून ओळखत. आता त्या नव्हत्या. नेमके कोणाचे काय गेले आणि त्यांना कळवायचे कोणत्या पत्त्यावर, याची तयार यादीच कंपनीपाशी उरली नाही. जुने बॅकअप आणि पूर्वीची तिकिटे उपसून संपर्क शोधावे लागले.

पलीकडे ग्राहकाची दशा बघा. त्याची साइट गेली आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावरचा मदतीचा अर्ज उघडतो. अर्ज विचारतो: तुमच्या साइटचा पत्ता? तो पत्ता टाकतो. असा पत्ता आता कुठेच नाही, आणि वैध पत्ता असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्याचे घर पडले त्याच्याकडे घराचा क्रमांक मागायचा आणि त्या क्रमांकाचे घर नाही म्हणून तक्रार परत करायची, असा तो प्रकार. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती, नेमके त्यांच्याच तोंडावर दार लागले.

सुरुवातीपासूनचा धागा इथे पुरा होतो. एकच साइट. तिचा आयडी चुकून यादीत गेला म्हणून ती पुसली गेली, आणि तिच्याबरोबर तिचा पत्ता नाहीसा झाला म्हणून ग्राहकाची हाक पोहोचेना. सगळ्या कुलपांना एकच किल्ली ठेवली की ती सोयीची असते. हरवली की मात्र सगळीच दारे एकदम बंद होतात.

संध्याकाळी ६:०८

घटनेला सर्वांत वरचा दर्जा दिला गेला. स्क्रिप्ट सुरू झाल्याला पाच तास झाले होते. दर्जा वाढण्याचे कारण एकच: परत आणणे किती अवघड आहे, ते आता उमगले होते.

बॅकअप होते. ते नीट घेतलेले होते, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले होते. मग अडले कुठे? क्लाउडवर एका डेटाबेसमध्ये अनेक ग्राहकांची माहिती शेजारी शेजारी राहते. सगळेच्या सगळे ग्राहक एका जुन्या क्षणाला नेऊन उभे करायचे असतील तर त्याची तयारी होती. पण तसे केले असते तर ज्या हजारो ग्राहकांचे काहीच बिघडले नव्हते, त्यांचे त्या दिवसाचे काम पुसले गेले असते. एखाद्या ग्राहकाने आपलेच काही चुकून पुसले तर तेवढे परत आणण्याचीही सोय होती. मधली वाट मात्र कोणी बांधलेली नव्हती: चालू व्यवस्थेत बाकीच्यांना हात न लावता शेकडो ग्राहक एकदम परत बसवणे.

म्हणून ते हाताने करायचे ठरले. पुसलेल्या प्रत्येक साइटसाठी नवी साइट उभारायची, तिला नवा आयडी द्यायचा, वापरकर्ते आणि त्यांच्या परवानग्या जोडायच्या, डेटा आणायचा, जोडलेल्या फाइली आणायच्या, इतर कंपन्यांच्या ॲपना नवा आयडी ओळखायला लावायचा, मग तपासायचे, मग ग्राहकाला दाखवून तपासून घ्यायचे. अशा सुमारे ७० पायऱ्या. एका खेपेला साधारण ४८ तास.

७ एप्रिल, सकाळी ६:२६

कंपनीने पहिल्यांदा सर्वांसमोर जाहीरपणे सांगितले. घटनेला ४१ तासांहून जास्त वेळ लोटला होता. आधी ग्राहकांना एकेक करून गाठायचे, असा कंपनीचा विचार होता. पण गाठायचे कोणाला, हेच पुरते ठाऊक नव्हते. आपण फार आधी उघडपणे बोलायला हवे होते, हे कंपनीने नंतर स्वतःच आपल्या अहवालात कबूल केले.

या ४१ तासांत ग्राहकाच्या बाजूला काय असते, ते सांगणारा अहवाल कुठलेही सॉफ्टवेअर काढत नाही. मदतकक्षातली मुले आठवणीने उत्तरे देतात. सर्व्हर पुन्हा कसा सुरू करायचा, याच्या पायऱ्या ज्या पानावर लिहिल्या होत्या ते पानच नसते. एखादी मुलगी सहा महिन्यांपूर्वी कागदावर काढून घेतलेली जुनी प्रत शोधून आणते आणि सगळे त्याभोवती जमतात.

८ एप्रिल

पहिले ग्राहक परत आले. चौथा दिवस उजाडला होता.

९ एप्रिल

तुकड्यांनी दुसरी वाट काढली. नवा आयडी कशाला? पुसलेला जुना आयडीच पुन्हा जिवंत केला, तर त्याला बांधलेल्या कितीतरी गोष्टी आपोआप जागेवर येतात. ७० पायऱ्यांच्या जागी सुमारे ३० उरल्या आणि ४८ तासांचे काम साधारण १२ तासांवर आले. पहिल्या वाटेने एकूण ११२ साइट परतल्या आणि बाधित वापरकर्त्यांपैकी ५३ टक्के त्यांत होते. उरलेल्या ७७१ साइट आणि ४७ टक्के वापरकर्ते या दुसऱ्या वाटेने आले.

ज्या आयडीने घात केला होता, त्यालाच हाताशी धरून सुटका झाली.

१८ एप्रिल

सगळे ग्राहक परत आले. पहिल्या पुसलेल्या साइटपासून हा चौदावा दिवस. बहुतेकांचे पुसण्यापूर्वीच्या पाच मिनिटांपलीकडचे काम गेले नाही. बॅकअपने आपले काम चोख केले होते. शेकडो साइट एकदम परत चढवण्याची तयारी मात्र नव्हती, आणि त्याची किंमत चौदा दिवस होती.

आपल्या सर्व्हरसाठी

कंपनीने पुढे काय बदलायचे ठरवले त्यात पहिली गोष्ट होती ती ही: यापुढे काहीही थेट पुसायचे नाही. आधी फक्त बाजूला ठेवायचे, ठरलेला काळ जाऊ द्यायचा आणि मगच खरे पुसायचे. अनेक साइट एकदम परत आणण्याची व्यवस्था यंत्राकडून करून घ्यायचे ठरले. मोठ्या संकटात संवाद कसा करायचा, त्याची रीतही नव्याने बसवायची होती.

एवढ्या मोठ्या कंपनीचे हे धडे आपल्या एका सर्व्हरलाही लागू पडतात. पुण्यात, नाशकात, नागपुरात कुठेतरी एखादा माणूस आजही आपल्या कंपनीचा मदतीचा सर्व्हर बसवतो आहे. कदाचित एकटाच, कदाचित महिनाअखेरीच्या गडबडीत. त्याच्यासाठी ही चार कामे आहेत, आणि यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत.

पहिले: काढून टाकण्याची यादी तयार झाली की तिच्यातल्या कोणत्याही पाच ओळी निवडा आणि तो आयडी खरेच कशाचा आहे, ते सर्व्हरलाच विचारून बघा. नाव डोळ्यांना दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. पहिली खेप नीट झाली असली तरी दुसऱ्या खेपेची यादी नवी आहे, तीही अशीच बघा.

दुसरे: मोठे काम चालवण्याआधी मदतकक्षाला सांगा. ‘दुपारी एक ते दोन आमचे काम चालू आहे, या वेळात साइट दिसत नाही अशी एकही तक्रार आली तर लगेच फोन करा.’ ५ एप्रिलला १:१६ च्या तिकिटाला असा एक फोन मिळाला असता, तर पाचशेहून जास्त साइट वाचण्याची संधी होती.

तिसरे: बॅकअप परत चढवून बघा. सगळा तर चढवाच, पण त्यातला एकच विभाग, एकाच ग्राहकाची पाने, बाकीच्यांना धक्का न लावता परत आणता येतात का, तेही बघा. न चढवलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नका.

चौथे आणि सगळ्यात महत्त्वाचे: मदतीच्या सर्व्हरवरची मदत तोच सर्व्हर पडला तर कुठे मिळेल, ते आज ठरवा. ग्राहकांचे संपर्क, सर्व्हर पुन्हा उभा करण्याच्या पायऱ्या आणि कोणाला फोन करायचा त्याची यादी दुसऱ्या जागी ठेवा. तक्रारीच्या अर्जात एक तरी वाट अशी ठेवा की जिला साइटचा पत्ता लागत नाही, नाव आणि फोन नंबर पुरतो.

शोधांच्या अहवालात रिकामे परतलेले शोध दिसतात, म्हणून आपण ते दुरुस्त करू शकतो. पण ज्या माणसाला शोधपट्टीपर्यंतच पोहोचता आले नाही, तो कोणत्याच अहवालात येत नाही. त्याच्यासाठी आज संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी एक कागद घ्या, त्यावर सात-आठ नावे आणि नंबर लिहा आणि तो सर्व्हरपासून लांब, टेबलाच्या खणात ठेवा.